उघाडीचे दार

मित्रांनो, मी एक दार आहे. पण माझ्यामागे घर नाही, आणि माझ्यावर कोणी कधी तोरण बांधले नाही. माझ्या एका बाजूला भाताचे शेत होते आणि दुसऱ्या बाजूला खारी खाडी. रत्नागिरीच्या दक्षिणेला काजळी नदी समुद्राला मिळते. तिथून होडीने आत आले, की डाव्या हाताला मातीचा एक लांब बांध दिसतो. खाडीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून तो घातलेला आहे. त्या बांधाच्या पोटात दगडी मोरी आहे. तिला उघाडी म्हणतात. त्या उघाडीच्या तोंडावर मी सतरा वर्षे टांगलेले होते.

घराचे दार माणसे उघडतात. मला पाणी उघडत असे. ओहोटी लागली, की शेतात साठलेले पावसाचे पाणी मला आतून ढकलून बाहेर जाई. भरती आली, की खाडीचे पाणी मला बाहेरून दाबून गच्च बसवी. दिवसातून दोनदा उघडायचे, दोनदा मिटायचे, आणि तेही रोज पाऊण तास उशिरा. म्हणजे कालची वेळ आज कामाची नाही. मला स्वस्थता अशी कधी मिळालीच नाही.

दार होण्यापूर्वी मी ऐनाचे झाड होते. तेव्हा मला स्वस्थपणा म्हणजे काय ते ठाऊक होते. झाडाला भूक लागली म्हणून ते कोठे जात नाही. मुळांनी पाणी ओढावे, पानांनी ऊन झेलावे आणि आपले अन्न आपणच तयार करावे. डोंगराच्या उतारावर चाळीस पावसाळे मी एका जागी उभे राहून जेवले. माझी पाने गुरे खात, पडलेली पाने वाळवी खाई, वाळवीला रानकोंबड्या टिपत. त्या सगळ्यांची धावपळ मी वरून पाहत असे आणि मला त्यांचे नवल वाटे.

एकोणीसशे एकवीस सालच्या चैत्रात आप्पा नावाच्या शेतकऱ्याने मला तोडले. त्याच्या बांधाचे जुने दार कुजले होते. काशीराम सुताराने माझ्या फळ्या काढल्या, खाऱ्या पाण्यात लोखंड गंजते म्हणून लाकडाच्याच खुंट्या ठोकून त्या जोडल्या, आणि मुशीच्या तेलाचे तीन हात दिले. मुशी म्हणजे लहान शार्क मासा. त्या तेलाचा वास मला पहिले आठ दिवस सोसला नाही. काशीरामाने आप्पांना बजावून सांगितले, की दरवर्षी शिमगा झाला की तेल द्यायचे, नाहीतर लाकूड पोखरणारा किडा या दाराला आतून खाऊन टाकील. आप्पांनी मान डोलावली, आणि ते जिवंत होते तोवर एकही वर्ष चुकले नाहीत.

असे मी खाडीवर आले. तिथे पहिल्याच दिवशी मला कळले, की येथे भूक कधी झोपत नाही.

बांधाच्या बाहेर, खाडीच्या चिखलात, तिवर आणि कांदळ यांचे दाट रान होते. ही झाडे खाऱ्या पाण्यात उभी राहतात. त्यांचे पिकले पान खाली पडले, की त्याच्यावर खेकड्यांची झुंबड उडे. निम्मे पान बिळात ओढले जाई. उरलेले चिखलात कुजे आणि त्याच्यावर बुळबुळीत साय धरे. ती साय चाटायला भाताच्या तुसाएवढे जीव येत. त्यांना खायला कोळंबीची पिले, कोळंबीच्या मागे बोयटी ही बारीक मासळी, बोयटांच्या मागे तांबोशी मासा. चिखलावर बगळे एका पायावर उभे असत. ते दिसायला साधू, पण त्यांचा डोळा एक क्षण मिटत नसे. मेलेल्या जनावराला खाडी वाया जाऊ देत नसे. दोन भरत्यांच्या आत त्याचे काही उरत नसे, आणि जे उरे ते पुन्हा चिखलात मिसळून झाडांच्या मुळांना मिळे.

या सगळ्यांच्या मुळाशी पुन्हा ऊन आणि पानच होते. हे मला, झाड होऊन गेलेल्या दाराला, चांगले ओळखू येई. पण इतरांना ते ओळखता येत नसे, कारण त्यांना थांबायला वेळच नव्हता.

याच भुकेच्या मांडणीत दोन घरेही बसलेली होती. एक आप्पांचे आणि दुसरे खाडीकाठच्या मोहल्ल्यातल्या गफूरचे. पावसाळ्यात शेत आप्पांचे. भात कापून झाले, की पौषापासून शेत गफूरचे. तो भरतीला मला दोरीने वर ओढी आणि खारे पाणी आत घेई. पाणी भरले की मला खाली सोडी. मग ओहोटीला उघाडीच्या तोंडावर डोल नावाचे पिशवीसारखे जाळे बांधून मला पुन्हा उचली. पाण्याबरोबर आत गेलेली मासळी बाहेर पडताना जाळ्यात येई. माशांचा वाटा आप्पांच्या घरी जाई, भाताचा वाटा गफूरच्या घरी. खाऱ्या पाण्याने शेतातले तण मरे, आणि पाण्यातला गाळ व माशांची घाण मागे राहून भाताला खत होई. पुढच्या पावसात मीठ धुऊन जाई. कोणी हे कागदावर लिहिलेले नव्हते. दोघांच्या बापांच्या बापांपासून ते चालत आले होते.

गफूरची आई कुलसुम रोज ओहोटीला चिखलात उतरे. कमरेला पदर खोचून, हातात लहानशी कोयती घेऊन ती दगडांना चिकटलेली कालवे, म्हणजे खायचे शिंपले, फोडून काढी. तिवरांच्या मुळांत कोण राहते, कोण कोणाला खाते, कोणाला यंदा पिले झाली, हे तिला जितके ठाऊक होते तितके मलाही नव्हते. मला एकच जागा दिसे. ती सगळीकडे फिरे.

त्या मुळांच्या गुंत्यात, माझ्यापासून वीस हातांवर, पाणमांजरांचे एक कुटुंब होते. मांजराएवढे तोंड, चपटी शेपटी, ओली तकतकीत कातडी. पहाटे ती एकमेकांना शीळ घालत बाहेर पडत आणि पाण्यात अशी पळत, की खाडीलाच सुरकुती पडल्यासारखे वाटे. त्यांची आणि गफूरची जुनी भांडणे होती. डोलात अडकलेली मासळी त्यांना आयती मिळे, आणि ती काढताना ती जाळे फाडत. गफूर शिव्या देत जाळे शिवत बसे. आप्पा त्याला म्हणत, की तुझा वाटा मी खातो, माझा तू खातोस, तसा त्यांचाही एक असू दे. गफूर हसे आणि पुन्हा शिवायला लागे.

सत्तावीस साली आप्पा गेले. पुढच्या वर्षी मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला, आणि आप्पांचा मुलगा महिपत गावी परत आला. बारा वर्षे तो मागावर काम करत होता. त्याचे आणि गफूरचे लहानपण याच बांधावर गेलेले. पण आता महिपतला बसवत नसे. पहाटेपासून तो बांधावर येरझारा घाली, हात एकमेकांवर चोळी, उगाच दगड उचलून दुसरीकडे ठेवी. त्याची बायको तुळसा म्हणे, की भोंगा वाजायची वाट बघताय का. मला त्याच्याविषयी आपुलकी वाटे. माझ्यासारखेच त्यालाही कोणीतरी सारखे आत-बाहेर ढकलत होते.

महिपत आळशी नव्हता आणि वाईटही नव्हता. त्याला सगळे नीटनेटके हवे होते. एकोणतीसच्या माघात गफूरचा डोल सलग तीन दिवस फाटला. तो बांधावर वैतागून बसला होता. तेव्हा महिपत तिवरांच्या रानाकडे बोट दाखवून म्हणाला, "गिरणीत प्रत्येक चाकाला काम असतं. बिनकामाचं चाक कोणी ठेवत नाय. ह्या तिवरांचं काम काय, सांग मला. पाणमांजरं पोसायचं?"

खाडीपलीकडे चुन्याची एक भट्टी होती. तिला जळण हवे होते, आणि भट्टीवाला आपली माणसे आणून रान तोडून न्यायला तयार होता. रान जाईल, पाणमांजरे जातील, जाळे वाचेल. दोघांनी ठरवले. कुलसुमला कोणी विचारले नाही.

फाल्गुनात कुऱ्हाडी आल्या. मी झाड होते, म्हणून तो आवाज मी ओळखते. चार दिवसांत माझ्यासमोरचे हिरवे गेले आणि लांबपर्यंत नुसता चिखल उघडा पडला. शेवटच्या दिवशी मुळांखालचे बीळ उघडे झाले. दोन पिले पाण्यात पडली. त्यांची आई मात्र पळाली नाही. ती बिळाच्या तोंडाशी उभी राहून माणसांवर फुत्कारत होती. गफूरच्या हातात वल्हे होते. त्याने एकदाच मारले.

तेवढ्यात कुलसुम चिखलातून चालत आली. तिने मुलाकडे पाहिले नाही. मेलेल्या पाणमांजरीजवळ ती उकिडवी बसली आणि कालवे फोडायच्या कोयतीने तिने तिचे पोट चिरले. आतले एकेक काढून ती तिवराच्या बुंध्यावर मांडत गेली. खेकड्यांच्या नांग्या, खेकड्यांची कवचे, लाल, करडी, अर्धवट फुटलेली. ओंजळभर झाली. शेवटी एक लहानसे बोयटे निघाले.

"काय खाल्लंन ते बघा," ती म्हणाली. "सात कुर्ल्या नि एक बोयटं. आता ह्या सात कुर्ल्या रोज कोण खाईल? तू खाशील, महिपत?"

गफूर हलक्या आवाजात म्हणाला, की एक तरी बोयटे होतेच ना. कुलसुमने कोयती पाण्यात धुतली आणि ती निघून गेली.

पहिल्या वर्षी काही कळले नाही. उलट गफूरचे जाळे शाबूत राहिले, आणि डोलात मासळी भरपूर आली. ती आधीच्या पानांवर वाढलेली होती, पण हे कोणाच्या ध्यानात येणार? महिपत खूश होता. संपूर्ण बांध आता एका नजरेत दिसत होता.

मला मात्र चैन पडेना. पान पडायचा आवाज थांबला होता. भरतीची लाट पूर्वी तिवरांच्या बुंध्यांतून दमून माझ्यापर्यंत येई. आता ती सरळ येऊन माझ्या छातीवर आदळू लागली. आणि चिखलात खेकडे वाढू लागले. त्यांना खाणारे गेले होते, पण त्यांनी खायचे पानही गेले होते. उपाशी खेकडा थांबत नाही. ते बांधाकडे सरकले. ओहोटीला मी उघडले, की माझ्या खालून ते ओळीने आत शिरत आणि भाताची कोवळी रोपे बुडातून कातरत. राहायला त्यांना बांधाची माती फार आवडली. रोज नवे भोक. आधी बोटाएवढे, मग मुठीएवढे.

मी लाकूड. मला ओरडता येत नाही. माझ्या खुंट्या कुरकुरत तेवढेच.

तीसच्या हिवाळ्यात डोल हलका येऊ लागला. कोळंबी नाहीच. बोयटी काठीसारखी बारीक. जाळ्यात खेकडेच खेकडे, आणि पाणमांजरांनी कधी फाडले नसेल एवढे जाळे ते कातरून ठेवत. गफूर दुसऱ्यांच्या होड्यांवर खोल समुद्रात जाऊ लागला. कुलसुमला कालवांसाठी दोन कोस लांब जावे लागे. तुळसा अधूनमधून पदराआडून तांदूळ पोचवी, पण त्या वर्षी तिच्या घरीही तो पुरेसा नव्हता.

महिपत चिखलाचे गोळे करून भोके बुजवत फिरे. दहा बुजवावीत तर सकाळी पंधरा नवी. त्याला झोप लागेना, जेवण जाईना. शेवटी त्याने दोष शोधला, आणि तो चुकीच्या जागी सापडला. त्याचे म्हणणे पडले, की गफूर हिवाळाभर खारे पाणी आत घेतो, त्यानेच बांध आतून भिजून पोकळ होतो. पुढच्या पौषात गफूर दोरी घेऊन आला, तेव्हा महिपतने मला मोरीत घट्ट बसवून दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकल्या होत्या.

"आमच्या आजोबांपासून ही उघाडी आम्ही उघडतोय," गफूर म्हणाला.

"शेत माझं हाय," महिपत म्हणाला.

गफूरने दोरी गुंडाळली आणि तो गेला. त्यानंतर आठ महिने ते एकमेकांशी बोलले नाहीत.

मित्रांनो, पाचरी ठोकलेल्या पहिल्या पाच महिन्यांत मला जे वाटले ते सांगता येणे कठीण आहे. एरवी मी माझ्या धावपळीवर कुरकुरत होते. आता भरती येई, मला दाबी, निघून जाई. मी जागचे हलत नसे. शेतात तण माजले. गाळ आला नाही. आणि त्याच वर्षी शिमगा झाला तरी मला तेलाचा हात मिळाला नाही. महिपतचे लक्षच नव्हते. बाहेरच्या अंगाने किडा शिरला. त्याची खरवड मला आतून ऐकू येई. तोही बिचारा उपाशीच होता. तिवराचे पडलेले लाकूड त्याचे अन्न. ते नाही, म्हणून तो माझ्याकडे आला.

मृगात पाणी निघावे म्हणून महिपतने पाचरी काढल्या. लावणी झाली. रोपे पिवळट होती, पण उभी राहिली.

एकतीस सालची श्रावणातली अमावास्या. अमावास्येला आमच्याकडे भर दुपारी मोठी भरती येते, आणि त्या दिवशी तिच्या जोडीला पश्चिमेचा वारा होता. मी गच्च मिटले होते. माझ्यापासून दहा हातांवर, शेताच्या बाजूने, बांधातून अंगठ्याएवढी धार उडाली. महिपत जवळच होता. त्याने चिखल दाबला. धार मनगटाएवढी झाली. तो पाठ लावून बसला, तुळसाने पेंढ्या आणून टाकल्या, शेजारच्या शेतातला शिवा आणि त्याची बायको जनी दगड घेऊन धावली. तेवढ्यात बांध खाली बसला. मोडला नाही, एखादा म्हातारा दमून बसावा तसा बसला, आणि त्याच्यावरून खाडी आत आली.

पेंढ्या वाहून गेल्या. दगड वाहून गेले. महिपत छातीपर्यंत पाण्यात उभा होता, आणि खालच्या अंगाची खाचरे एकामागून एक पांढरी होत चालली होती.

गफूर आपली होडी घेऊन आला, तो खाडीच्या बाजूने. वारा पाहून तो समुद्रावर गेला नव्हता. त्याने एकदा खिंडाराकडे पाहिले, एकदा होडीकडे. मग होडी आडवी वळवली.

महिपतच्या ते लक्षात आले. तो म्हणाला, "गफूर, नको. होडी जाईल तुझी."

"होडी परत बांधता येईल," गफूर म्हणाला. "मिठानं मेलेली जमीन तीन वरसं उठत नाय. दोरी धर."

पाण्याच्या ओढीनेच होडी खिंडारात येऊन आडवी अडकली. गफूरने कुऱ्हाडीने तिच्या तळाची फळी फोडली, आणि ती बसू लागली. बांधाच्या दुरुस्तीसाठी आणून ठेवलेले जांभ्या दगडाचे चिरे शिवा आणि जनी तिच्यात टाकू लागली. तुळसा टोपलीने माती ओतत होती. होडी एकदम कलली, आणि गफूरचा पाय तिच्या आणि बांधाच्या मध्ये सापडला. पाणी त्याच्या हनुवटीला लागले. महिपतने दोरी सोडली, बुडी मारली, आणि खांदा लावून होडीचा काठ वीतभर उचलला. कसा उचलला ते त्यालाही पुढे सांगता आले नाही. गफूर निसटला. होडी पुन्हा बसली, आणि या वेळी ती हलली नाही.

मी त्या वेळी काय करत होते म्हणाल, तर धरून होते. किड्याने पोखरलेली माझी खालची फळी मधोमध तडकली, पण मी सुटले नाही. भरती उतरली आणि मी उघडले. शेतात शिरलेले खारे पाणी माझ्यातून बाहेर निघाले. खालचा तिसरा हिस्सा शेत गेले. वरचे दोन वाचले.

संध्याकाळी महिपत कुलसुमच्या अंगणात जाऊन उभा राहिला. हे मला पुढे दोघांच्या बोलण्यातून कळले. त्याला माफी मागता येईना. तो एवढेच म्हणाला, "चाची, आता काय करू?"

त्याला तिने भात वाढला. भाद्रपदात एके सकाळी ती त्याला घेऊन चिखलात आली. खाडीच्या वरच्या अंगाला जी थोडी झाडे उरली होती, त्यांच्या बिया पाण्यावर तरंगत येत होत्या. तिवराची बी झाडावरच फुगून कोंब धरते. चिखलाला टेकली की तिला मूळ फुटते. कुलसुमने मूठभर बिया त्याच्या हातात ठेवल्या.

"ह्या लाव," ती म्हणाली. "नि तुझी म्हैस इकडं सोडू नको. बाकी खाडी करील."

महिपत, तुळसा आणि पायाला पट्टी बांधलेला गफूर, तिघांनी मिळून महिनाभर ते केले. निम्मी रोपे लाटेने उपटली. पुन्हा लावली. महिपतच्या परसात फणसाचे मोठे झाड होते. पावसाळ्याच्या तोंडाशी त्याचे गरे आणि पुढे त्याच्या आठळ्या यांच्यावर त्या घराचे दोन महिने निघत. ते त्याने तोडले, आणि काशीरामाने त्याची होडी बांधून गफूरला दिली. तुळसा त्या दिवशी जेवली नाही, पण तिने नको म्हटले नाही. पौषात गफूर दोरी घेऊन आला, तेव्हा महिपतनेच मला उचलायला हात लावला.

पुढे सगळे लगेच चांगले झाले असे मी सांगितले, तर ते खोटे ठरेल. तोडायला चार दिवस लागले होते. उगवायला वर्षे लागली. रोप गुडघ्याला आले, कमरेला आले. एका वर्षी गुरांनी अर्धे खाल्ले. खेकडे बांध पोखरतच होते आणि महिपत भोके बुजवतच होता. मी सारखे वाट पाहत असे, आणि कशाची ते मलाच नीट कळत नसे. तेहतीसच्या थंडीत पहिले पिवळे पान माझ्यासमोर पडले. एका लहान खेकड्याने ते ओढून नेले. पस्तीसला डोलात कोळंबी आली. आधी बगळे आले, मग खंड्या.

सदतीसच्या मार्गशीर्षात, सूर्य नुकताच वर आला असताना, कोणीतरी माझ्या खालच्या कडेवर दोन ओले पाय ठेवले. जाड मिशा, बारीक कान. तोंडात खेकडा होता. त्याने तो माझ्याच फळीवर ठेवून कडाकडा फोडून खाल्ला. गफूर होडीत उभा होता, हातात वल्हे होते. पाणमांजर निघून गेल्यावर त्याने बांधावरच्या महिपतला सांगितले, की डोलाला आता जाड सुतळी लावावी लागेल. महिपत म्हणाला, की शिमग्याच्या आत लावू. बस, एवढेच. कुलसुम तेव्हा फार थकली होती आणि चिखलात उतरत नसे. गफूरने घरी जाऊन तिला सांगितले असणार.

अडतीस साली माझी तडकलेली फळी गळून पडली. काशीराम म्हातारा झाला होता. त्याने बसून सांगितले आणि दुसऱ्याकडून नवे दार करून घेतले. मला काढून चिखलात आडवे टाकले, होडीत चढताना पाय ठेवायला. काही महिने माणसांनी पाय ठेवले. मग चिखल वर आला आणि मी त्यात निम्मे बुडाले.

मित्रांनो, मी कोणाकडे काही मागावे अशी माझी योग्यता उरलेली नाही. तरी एक मागते. जिथे कोठे असे दार असेल, तिथे त्याला वर्षातून एकदा तेलाचा हात द्या. आणि एखादे झाड, एखादा प्राणी तुमच्या कामाचा नाही असे वाटले, तर कुऱ्हाड आणण्यापूर्वी चार ओहोट्या तिथे नुसते बसून पाहा. तो काय खातो आणि त्याला कोण खाते, एवढे पाहा. एखाद्या म्हाताऱ्या बाईला विचारा. आम्हा मुक्यांची बाजू मांडायला तिच्याशिवाय कोणी नसते.

आता माझ्या पाठीवर कालवे धरली आहेत. किड्यांनी पाडलेल्या भोकांत बोयटांची पिले लपतात. भरती चढते आहे, आणि पिले एकाएकी आत घुसून एकमेकांना चिकटून बसली आहेत. बाहेर कोण आले आहे ते मला चिखलामुळे दिसत नाही, पण पाणी हलते आहे.